सांबाराचं मीठ कुणी बघितलं

आक्का, आई म्हणायची सवय तू मला लावलीच नाहीस. तू गेलीस त्याला वीस-एकवीस वर्षं झाली, आणि एवढ्या काळात तुला काही विचारावं असं मला वाटलं नव्हतं. जिवंत होतीस तेव्हाही तू प्रश्नाला उत्तर द्यायची नाहीस, विचारणाऱ्याला कामाला लावायचीस. "व्हय का, मग तेवढं पाणी गाळून ठेव जा." आता तुला मला कामाला लावता येत नाही, म्हणून संधी साधून विचारतो. मी लहान असताना तू मला मशिदीच्या पायरीपाशी का उभं करायचीस?

मी सहा-सात वर्षांचा आहे. झोपेत दचकतो, दात खातो, अंगाला काही लागत नाही. डॉक्टरांचं गुलाबी औषध झालंय, बस्तीतल्या, आपल्या जैन देवळातल्या, पंडितांनी बांधलेला दोरा मनगटावर काळा पडलाय. दिवस मावळायला टेकला की तू मला घेऊन निघतेस. वखारींमधून तंबाखूचा उग्र खाट येतो, मला शिंका येतात, आणि तू म्हणतेस, "शिंकू नगंस, तिथं बरं दिसत न्हाय." मशिदीच्या पायऱ्यांखाली बायकांची रांग असते. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हातात पाण्याची बाटली. त्यात लिंगायत आहेत, मराठ्यांच्या आहेत, पदर नाकापर्यंत ओढून घेतलेली आपल्या जैनांतली आणखी एक आहे. तू तिला ओळखत नाहीस आणि ती तुला ओळखत नाही, असं दोघींनी ठरवलेलं आहे. नमाज सुटते. टोप्या घातलेली माणसं बाहेर येतात आणि काही न विचारता, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत, एकेका पोराच्या डोक्यावर फुंकर घालत पुढं जातात. एकाच्या फुंकरीला अत्तराचा वास, दुसऱ्याच्या विडीचा. तीन सांजा. चौथ्या दिवसापासून मी दचकायचा थांबलो. औषधानं थांबलो की फुंकरीनं, हे कुणी तपासलं नाही.

पण त्या वेळेचं मला आज नवल वाटतं. आपल्यात दिवस बुडायच्या आत ताट उचललेलं असायचं. त्यांची नमाज सुरू व्हायची ती दिवस बुडल्यावर. म्हणजे जेवणाच्या वेळी तू त्या रांगेत, आणि तिन्ही दिवशी माझ्यापायी न जेवता राहिलीस. घरी आल्यावर आप्पा विचारायचे, "कुठं गेलतीस?" "भाजीला." "भाजी कुठाय मग?" "मिळाली न्हाय." निपाणीच्या बाजारात सलग तीन दिवस भाजी मिळाली नाही, आणि हायस्कुलात संस्कृत शिकवणाऱ्या, धुरावरून विस्तव ओळखायचं शास्त्र सांगणाऱ्या माणसाला त्यात काही खटकलं नाही. मला तेव्हापासून आप्पांचा संशय आहे.

आणि तुझाही. कारण त्याच वर्षीची ईद मला आठवते. शेजारी गाद्या शिवणारं घर होतं, त्यातली भाभी वाटीवर पांढरा रुमाल टाकून शीरखुर्मा घेऊन आली. तू पदर सावरून दोन्ही हातांनी वाटी घेतलीस, "कशाला गं एवढं" म्हणालीस, तिच्या पोरींची चौकशी केलीस. ती वळली तशी तू मागच्या दारानं परसात गेलीस आणि सगळा शीरखुर्मा केळीच्या बुंध्यात ओतलास. वाटी राखेनं घासलीस आणि रिकामी देऊ नये म्हणून तीत साखर घातलीस. मी विचारलं का ओतला. तू म्हणालीस, "त्यांच्यात दुसऱ्याला द्यायच्या आधी त्यात थुंकत्यात." "कुणी सांगितलं?" "सगळ्यास्नी ठावं हाय." "सगळे म्हणजे कोण?" "लई शानपणा करू नगंस. जा, पाणी गाळ."

म्हणजे त्यांच्या तोंडातला वारा माझ्या डोक्यावर चालत होता, आणि त्यांच्या हातचं दूध माझ्या पोटात चालत नव्हतं. या दोन गोष्टी एकाच बाईच्या मनात एकाच वर्षी शेजारी शेजारी कशा राहत होत्या, हे मला विचारायचं आहे. केळ मात्र त्या साली चांगली लागली.

आप्पांचं आणखी वेगळं. त्यांना सगळं शास्त्रशुद्ध लागायचं, गैरसमजसुद्धा. ते वर्गात सांगायचे की हे लोक मावळत्या सूर्याला नमस्कार करतात, आपण उगवत्या. बांगेत दिवसातून पाच वेळा अकबर बादशहाचं नाव घेतात. आणि रोजा म्हणजे उपासाचं सोंग, दिवसा झोपायचं आणि रात्री जेवायचं. पर्युषणात निर्जळी उपास करणाऱ्या घरातल्या माणसाला दिवसभर घोटभर पाणी न पिणं सोंग वाटावं, याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. मी वहीत उतरवून घेतलं. अकबर हे तिथं बादशहाचं नाव नसून देवच सगळ्यांत मोठा एवढंच म्हणणं आहे, हे मला पुढं बेळगावला कॉलेजात कळलं. तोवर बादशहाला वारून चारशे वर्षं झाली आणि अजून त्याचीच दवंडी का, असा प्रश्न मी मनात बाळगून होतो.

आता तुझा मुलगाही संस्कृतच शिकवतो. निपाणीपासून थोडं आत, एका गावच्या शाळेत. दुपारी मुलांना सरकारचं गरम जेवण असतं. इथं सगळे त्याला कानडीत बिसिऊट म्हणतात. भात आणि सांबार. नियम असा की मुलांच्या पानात पडायच्या आधी एका शिक्षकानं चाखायचं आणि चवीच्या वहीत सही करायची. हे काम माझ्याकडं आहे. हसू नकोस. कांदा घरात येऊ न देणाऱ्या बाईचा मुलगा रोज दुपारी कांद्याच्या सांबाराला लेखी प्रशस्तिपत्र देतो.

सांबार करते ती माझ्याच वयाची, विधवा, मुसलमान. सगळी शाळा तिला मावशी म्हणते. घर तिच्या या चुलीवर चालतं. रमजान लागला की ती मला हाक मारते, "सर, मीठ बघा की जरा. माझा रोजा हाय." मग मी पळीतलं हातावर घेतो, चाखतो, "थोडं लागतंय" म्हणतो. दीडशे पोरांचं अन्न शिजवायचं, तासन्‌तास त्याचा वास घ्यायचा आणि जिभेवर थेंब घ्यायचा नाही. चार वर्षं हे असं चाललं होतं, आणि चारी वर्षं मी संशयानं बघत होतो की ही कोपऱ्यात जाऊन पाणी तर पीत नाही.

मी तिला विचारायचो, उलटतपासणी घेतल्यासारखं. "मावशी, तुम्ही मावळतीकडंच तोंड का करता?"

"काबा तिकडं हाय म्हणून. सूर्याचं काय त्यात, सर? इजिप्तातली माणसं उगवतीकडं तोंड करत्यात. सूर्याला भजायचं न्हाय, हेच तर आमच्यात पयलं शिकवत्यात."

"आणि आमच्यासारख्याला मुसलमान केलं तर मोठं पुण्य लागतं म्हणे."

"तुमास्नी? तुमी कांद्याला नाक मुरडता, तुमचं आमी काय करायचं?" मग पळी भांड्याच्या काठावर आपटून ती म्हणाली, "जबरीनं वदवून घेतलं तर ते मनातलं नसतंय. मनातलं नसल ते घेऊन देवानं काय करायचं?"

"जिहाद म्हणतात ते?"

"हे काय मग चाललंय? पोटात काय न्हाय आनि नाकात फोडणी. मनासंगट भांडणच की."

उत्तरं इतकी सरळ यायची की मला ती आधी बसवून ठेवलेली वाटायची. खरं बोलणारा माणूस थोडा अडखळतो असा माझा समज. आप्पांच्या मुलाचे समज फार असतात.

आता मुद्द्यावर येतो. या रमजानात एके दिवशी निपाणीत प्रश्नपत्रिकांची बैठक होती. ती अकराला संपली. मी बाराच्या आत शाळेत पोचू शकलो असतो, पण स्टँडवर एक जुना मित्र भेटला, चहा झाला, मग गप्पांसाठी आणखी एक झाला. शाळेच्या मागच्या फाटकातून आलो तेव्हा मुलं ताटं घेऊन बसलेली होती. मावशी पातेल्यापाशी एकटी होती. तिनं दोनदा दाराकडं बघितलं, मला बघितलं नाही. मग पळीतला थेंब तळहातावर घेतला, जिभेच्या टोकाला लावला, पलीकडच्या मोरीशी गेली, थुंकली, चूळ भरली, पुन्हा थुंकली. परत येऊन मूठभर मीठ टाकलं आणि ढवळलं.

मी हे उघड्या डोळ्यांनी बघितलं, आक्का. मोरी पातेल्यापासून दहा पावलांवर आहे. मुलांच्या पोटात अळणी जाऊ नये म्हणून चव बघितली, आणि रोजा मोडू नये म्हणून गिळलं नाही. स्वयंपाक करणारीला अडलं तर एवढं चालतं त्यांच्यात, पण तिचं मन घेत नव्हतं म्हणून चार वर्षं ती मला हाक मारत होती. त्या दिवशी हाकेला माणूस नव्हता. हे सगळं मला जागच्या जागी कळलं. आणि तरी मी शिक्षकांच्या खोलीत गेलो, पिशवी ठेवली आणि म्हणालो, "आमची आक्का सांगायची ती रीत आज बघायला मिळाली. त्यांच्यात थुंकल्याशिवाय वाढत नाहीत."

सगळे हसले. मी विनोदी माणूस म्हणून प्रसिद्ध आहे. मग वही ओढून त्या दिवसाच्या रकान्यात सही केली, 'चव उत्तम' असं लिहिलं, आणि त्यानंतर जेवलो. मीठ बरोबर होतं. दोनदा भात घेतला.

आमच्या शास्त्रात आप्तवाक्य म्हणून एक प्रमाण आहे. विश्वासातल्या माणसाचा शब्द पुरावा धरावा. मी डोळ्यांनी बघितलं होतं एक, आणि पुरावा म्हणून उभं केलं तुला. संध्याकाळपर्यंत ते वाक्य पालकांच्या फोनवर फिरत होतं. मोरी मी त्यात घातलीच नव्हती, तोवर त्यात पातेलं आलं होतं. मी गणिताच्या सरांवर संशय घेतला, मग शिपायावर. तिसऱ्या दिवशी शाळेच्या सुधारणा समितीकडं तक्रार आली: स्वयंपाकीण अन्नात थुंकते, तिला काढा.

सभेच्या आदल्या दिवशी मी तिला गाठलं. ती तांदूळ निवडत होती.

"मावशी, उद्या विचारतील. तुम्ही सांगा, ठसका लागला होता म्हणून मोरीवर गेले. तोंडात काही घेतलंच नव्हतं. विषय मिटेल."

"ठसका कुठं लागलाता, सर?"

"लागला होता असं म्हणायचं."

तिनं खडा वेचून बाजूला टाकला. "रोज्यात खोटं बोलू व्हय? मग उपाशी तरी कशाला ऱ्हायचं? रोजा पोटाचाच नसतोय. तोंडाचा असतोय, डोळ्याचा असतोय."

"नोकरी जाईल."

"बघू." तांदळाची पुढची मूठ ओढत ती म्हणाली, "तुमी त्या दिवशी कुठं गेलता? म्या लई वाट बघितली."

मी बैठकीचं सांगितलं. चहाचं सांगितलं नाही.

सभा प्रार्थनेच्या हॉलमध्ये झाली. समितीचे अध्यक्ष गावातलेच शेतकरी, माणूस वाईट नाही, पण फोन दर मिनिटाला वाजत होता आणि प्रत्येक फोनानंतर त्यांचा आवाज चढत होता. मावशीला उभं करून विचारलं. तिनं जसं घडलं तसं सांगितलं. चव बघितली, गिळायचं नव्हतं म्हणून मोरीवर थुंकले, चूळ भरली.

"म्हंजे थुंकलीस हे खरं," एक पालक म्हणाला.

"मोरीवर," ती म्हणाली.

"थुंकलीस न्हवं?"

अध्यक्षांनी चवीची वही उघडली. "एक मला कळंना. चव बघायला सर हैत. त्या दिवशी सरांची सही बी हाय, 'चव उत्तम' लिवलंय. सरांनी चाखलंय म्हटल्यावर हिला तोंडात घालायचं कारण काय? का सर, सही तुमचीच न्हवं?"

सगळे माझ्याकडं वळले. मावशी माझ्याकडं बघत नव्हती. ती स्वतःच्या हातांकडं बघत होती, हळदीनं पिवळ्या झालेल्या. तिला ठाऊक होतं मी त्या दिवशी चाखलेलं नाही. सबंध शाळेत ते पक्कं ठाऊक असलेली ती एकटीच. तिनं एक वाक्य उच्चारलं असतं तर वही माझ्यावर उलटली असती.

"सही माझीच आहे," मी म्हणालो.

वाक्य निर्दोष होतं. आप्पांनी पैकीच्या पैकी गुण दिले असते. थुंकी अन्नात पडताना मी पाहिली नाही, हेही मी बोललो, पण पुढचा फोन वाजला होता आणि ते कुणी ऐकलं की नाही माहीत नाही. ही अफवा सुरू कुठून झाली असं कुणीतरी विचारलं, तेव्हा गणिताच्या सरांनी माझ्याकडं बघितलं आणि मी खिडकीकडं. ठरलं ते असं: वातावरण निवळेपर्यंत दुसरी बाई बघावी. वातावरण कधी निवळतं याची तारीख कुणी ठरवली नाही.

ती फाटकापाशी चपला घालत होती तेव्हा मी गेलो. "तुम्ही का नाही सांगितलंत, मी नव्हतो म्हणून?"

"मला काय इचारलं तेवढं म्या सांगितलं. तुमास्नी इचारलं ते तुमी सांगायचं."

"पण तुमचं काम वाचलं असतं."

"वाचलं असतं का काय, कुणाला ठावं. दुसऱ्याचा ऐब, म्हंजे दोष, आपन उघडा करू ने, झाकावा, असं आमच्यात सांगत्यात." तिनं पदर डोक्यावर घेतला. "तुमच्यात बी सांगत असतील की."

यात टोमणा होता का, आक्का? मी दहा दिवस हे वाक्य उलटसुलट करून बघतोय. कधी वाटतं टोमणाच. कधी वाटतं तिनं मला उपकाराखाली ठेवायचं ठरवलंय, कधीतरी हाक मारेल. जैनाच्या घरात जन्मलो, स्याद्वादातला 'कदाचित' प्रत्येक गोष्टीला लावायची सवय आहे. पण तिला त्यातलं काही नको असेल आणि ती नुसती तिच्या उपासाला धरून वागली असेल, हा 'कदाचित' माझ्याकडं सगळ्यांत शेवटी आला. तुझ्याकडं तो आला होता का कधी? त्या पायरीपाशी उभी असताना? मला वाटतं आला असावा, आणि तू त्याला पाणी गाळायला पाठवलं असावंस.

तुझ्यावर मी हे ढकलतोय असं वाटेल. थोडं ढकलतोयच. तू मला एक खोटं वाक्य दिलंस, पण ते तू केळीच्या बुंध्यापाशी दिलं होतंस, एका पोराला. पन्नाशीच्या माणसानं ते जपून ठेवून हसायला वापरावं असं तू सांगितलं नव्हतंस. आणि सही करायला तर तू मला कधीच शिकवलं नाहीस. तू स्वतः अंगठा द्यायचीस.

नव्या बाईच्या सांबाराला मी रोज वेळेवर हजर असतो, पळी पुढं येण्याआधी. मावशी म्हणे आता वखारीत तंबाखू निवडायला जाते. रमजान अजून आहे. तंबाखूच्या धुळीत, पाण्याशिवाय. रस्त्यात भेटली तर विचारते, "सर, मीठ बरोबर असतंय का?" मी हो म्हणतो.

अध्यक्षांना चार ओळी लिहिल्या तरी पुरे आहे. त्या दिवशी मी हजर नव्हतो, चव घेतली नाही, सही खोटी आहे, आणि ते वाक्य माझ्या तोंडचं आहे. यात एकही अवघड शब्द नाही. नोकरीची अजून आठ वर्षं आहेत, खोट्या सहीवर चौकशी बसते, हेही खरं. हे एवढं लांबलचक मी तुला लिहिलं, कारण तुला ते पाठवता येत नाही. ज्यांना पाठवता येईल त्यांच्यासाठी मी अजून कागद घेतलेला नाही.